सरळ वाटेवरचा धूर

लंडनहून परत आल्यापासून सोलापुरात जो भेटतो तो थंडीबद्दल विचारतो. थंडी होती, बाबांनो. लोकरीच्या मोज्यांवर मोजे चढवले तरी पाय गारठायचे. आणि राणी काही मला दिसली नाही. हे एकदा सांगून टाकलं म्हणजे पुढं बोलायला मी मोकळी. कारण मला सांगायचं आहे ते वेगळंच. आमच्या सुमनच्या सासरी, माढ्याला, ज्या गोष्टीवरून माझ्या नावानं बोटं मोडून झाली, ती विमान बदलल्याची गोष्ट मला सांगायची आहे.

मी भूगोलाची शिक्षिका. जन्म गेला तो फळ्यावर नकाशे काढण्यात. जगातले देश मुलींकडून घोकून घेतले आणि स्वतः मात्र मुंबईच्या पलीकडं कधी गेले नव्हते. पंचाहत्तर सालचा दसरा झाला आणि सुमनचे दिवस भरत आले. आमचे जावई, श्रीकांतराव, लंडनला इस्पितळात डॉक्टर आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपली रीत, पण सुमनला तिकडच्या डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली. मग काय, माहेरच उठून लंडनला निघालं. आमचे हे म्हणाले, "तू जा. मी येऊन काय करू, पाळणा हलवू?" यार्डातली अडत सोडून हा माणूस बार्शीला सासुरवाडीत कधी मुक्काम करत नाही, तिथं लंडनची काय कथा.

सांताक्रूझ

सामानात डिंकाचे लाडू, शेंगाचटणी, कडक भाकऱ्या, ओवा, बाळंतशोपा असं सगळं होतं. पण माझा जीव होता तो हातातल्या कापडी पिशवीत. तिच्यात बाळाचे वाळे होते, कमरेची साखळी होती आणि माढ्याहून विहीणबाईंनी पाठवलेल्या सोन्याच्या बिंदल्या होत्या.

आमच्याकडं लग्नाकार्याला निघालं की दागिन्यांच्या पिशवीला कुणी दागिने म्हणत नाही. 'जोखीम' म्हणतात. "जोखीम कुणाकडं आहे?" असं हळूच विचारायचं आणि हळूच सांगायचं. ज्या बाईकडं जोखीम असेल ती एस.टी.त डोळा लागू देत नाही, आणि कुठल्या गाडीनं, कुठल्या वाटेनं जायचं हे तिला विचारल्याशिवाय कुणी ठरवत नाही. मग ती घरातली सगळ्यात धाकटी सून का असेना. मोठी माणसंसुद्धा त्या दिवशी तिचं ऐकतात.

विमानं पळवून न्यायचे प्रकार सुरू झाल्यापासून विमानतळावर पिशव्या उघडून बघतात. तपासणीचा शिपाई उत्तरेकडचा होता. त्यानं पिशवीत हात घातला तशी मी म्हटलं, "जरा सांभालके भैया, जोखीम है उसमें." माझं हिंदी हे असं. त्याचा हात तिथंच थांबला. त्याच्या हिंदीत जोखीम म्हणजे धोका, दुसरं काही नाही. त्यानं साहेबाला हाक मारली, त्या साहेबानं त्याच्या साहेबाला. माझ्या मागची माणसं भराभर मागं सरली. शेवटी टेबलावर वाळे ठेवले, त्यांची घुंगरं वाजली आणि सगळे हसत सुटले. मोठा साहेब म्हणाला, "माताजी, यहाँ ऐसे शब्द मत बोलिये." मी अशी शरमले की विमानात चढेपर्यंत तोंड उघडलं नाही.

खिडकीतून

माझ्या शेजारी एलियास नावाचे एक गृहस्थ होते. बैरुतचे, कापडाचे व्यापारी. मुंबईला माल घ्यायला वर्षानुवर्षं येत असल्यामुळं त्यांना बाजारातलं हिंदी येत होतं, माझ्यापेक्षा बरंच म्हणायचं. मी सोलापूरची म्हटल्यावर ते एकदम खुलले. "शोलापूर! चादर! टॉवेल!" म्हणाले. त्यांच्या दुकानात सोलापुरी टॉवेल विकला जायचा. "जायचा" म्हणते, कारण दुकान आता बंद होतं. गावात लढाई चालू, म्हणून ते बहिणीकडं लंडनला राहत होते. भाऊ मात्र मागं राहिला होता.

मी त्यांना भाकरी-चटणी दिली. कडक भाकरी त्यांनी कडाकडा मोडून खाल्ली. त्यांच्याकडंही अशीच पातळ वाळलेली रोटी करतात म्हणे. चटणीनं मात्र डोळ्यांत पाणी आलं, तरी बिचारे दुसऱ्यांदा मागून घेत होते.

कुवेत सोडल्यावर मी पुढच्या कप्प्यातला नकाशा काढला. भूगोलाच्या बाईला दुसरा कुठला चाळा असणार? विमानाची वाट लाल रेघेनं दाखवली होती. ती रेघ वाळवंटावरून सरळ जाऊन लेबनॉनच्या काठाशी समुद्रात उतरत होती. मी बोट ठेवून एलियासभाईंना विचारलं, "ये तो आपके गाव के उपर से जाती है?"

"रोज जाती है," ते म्हणाले. आणि खिडकीकडं तोंड करून बसले.

दिवस लख्ख होता. आधी उघडे डोंगर आले, मग निळा समुद्र, आणि समुद्राच्या काठाला गाव. गावातून धूर निघत होता. जाडजूड, काळा, सरळ वर येणारा. एका ठिकाणी नाही, बऱ्याच ठिकाणी. आमच्या बाजूला माणसं गोळा झाली. एकानं कॅमेरा काढला. एलियासभाई काचेला कपाळ लावून काहीतरी शोधत होते. "वो बंदर. उसके पीछे मेरा मोहल्ला," म्हणाले. मी विचारलं, भाऊ तिथंच आहे का? त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "बहनजी, गोली उपर भी चलाते हैं लोग. हमको मारने के लिये नहीं. मगर गोली को क्या मालूम."

तेवढ्यात हवाईसुंदरी आली. गोड हसून सगळ्यांना जागेवर बसवलं आणि खिडक्यांचे पडदे ओढायला सांगितले, सिनेमा दाखवायचा आहे म्हणून. सगळ्यांनी ओढले. संत्र्याचा रस आला. आम्ही अंधारात बसून रस प्यालो. सिनेमा लागलाच नाही. बऱ्याच वेळानं पडदे उघडले तेव्हा खाली नुसता समुद्र होता, आणि एलियासभाई रुमालानं तोंड झाकून बसले होते. मला राग आला होता, पण कुणाचा ते नीट कळत नव्हतं.

लंडन

लंडनचं काय सांगू? घरं एकसारखी, दारं एकसारखी. पहिल्या आठवड्यात मी दुसऱ्याच्याच दारात किल्ली घालून खुडखुडत बसले होते. रांगेचं मात्र मानलं पाहिजे. दोन माणसं जमली की रांग. आपल्याकडं बार्शीच्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, हे मी श्रीकांतरावांच्या एका साहेबाला सांगितलं तर त्याला वाटलं मी थट्टा करते.

सुमनला मुलगी झाली. गोरीगोमटी, नाक मात्र थेट माढ्याचं. मी रोज तेल-पाणी करायची, आणि अंघोळीनंतर ओव्याची धुरी द्यायची. निखारे कुठले मिळायला? बैठकीच्या खोलीतल्या शेकोटीतले कोळसे जुन्या तव्यावर काढून जमवलं. एक दिवस ओवा जरा जास्तच पडला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून धुराचा लोट बाहेर गेला. पाच मिनिटांत दार धडाधडा वाजलं. उघडते तर शेजारच्या म्हाताऱ्या मिसेस पील, घरातल्या सपाता तशाच पायात, हातात पाण्याची बादली! इतके दिवस या बाईनं माझ्याशी गुड मॉर्निंगपलीकडं शब्द काढला नव्हता. तिकडं शेजाऱ्यांनी न विचारता दारात यायचं नसतं. सुमननं त्यांना धुरीची भानगड समजावली, तशा त्या खुर्चीत बसून हसायला लागल्या. मग म्हणाल्या की महायुद्धात त्यांच्या गल्लीवर बाँब पडले होते, तेव्हापासूनची ही सवय. धूर दिसला की त्या आधी बादली घेतात आणि मग विचारतात.

मी त्यांना डिंकाचा लाडू दिला. पण त्या गेल्यावर मला विमानातला तो संत्र्याचा रस आठवला आणि दिवसभर चैन पडलं नाही.

संक्रांत आली. सोलापूरला गड्ड्याची जत्रा भरली असेल आणि मी इथं मोजे घालून बसले आहे, असं वाटून जीव कासावीस झाला. मुलीला आणि नातीला घेऊन परत जायचं ठरलेलंच होतं. सुमनच्या धाकट्या दिराचं लग्न माघात निघालं होतं. श्रीकांतरावांना इस्पितळातून रजा मिळत नव्हती. विहीणबाईंचा निरोप होता की थोरली सून आणि पहिली नात मांडवात दिसलीच पाहिजे. तिकिटं काढून झाली होती. वाट तीच, लाल रेघेची. आणि टीव्हीवर बैरुत रोज दिसत होतं. कधी तह झाला म्हणायचे, कधी मोडला म्हणायचे.

मी जावयांना सांगितलं, "श्रीकांतराव, मला त्या वाटेनं जायचं नाही."

ते समजुतीनं बोलले. "आई, रोज विमानं जातात. तुम्ही स्वतः आलात की. काय झालं?"

"काही झालं नाही. पण खाली काय चाललं होतं ते मी बघितलंय."

विमान कंपनीची कचेरी

कंपनीचं नाव मी सांगत नाही. सगळ्याच कंपन्या त्या वाटेनं जात होत्या, मग एकीचं नाव घेऊन काय उपयोग? कचेरीत कर्णिक नावाचे आपले एक मराठी अधिकारी निघाले. साताऱ्याकडचे. सोलापूरहून आलेली बाई बघून त्यांना आनंद झाला, चहा मागवला. मी कशासाठी आले ते कळल्यावर आनंद जरा उतरला.

"काकू, तिथलं आकाश बंद नाही," ते म्हणाले. "त्या देशानं बंद केलं तर आम्ही जाणारच नाही."

"त्या देशात सध्या कुणाचं कोण ऐकतंय? बंद करायला माणूस तर जागेवर पाहिजे."

"एवढ्या उंचीवर खालचं काही पोचत नाही."

"खाली कुणाकडं काय आहे हे तुम्हाला कळवतात का ते?"

कर्णिक हसले. मी पुढं विचारलं, "बरं, इंजिन बिघडलं आणि खाली उतरायची पाळी आली, तर कुठं उतरणार?" यावर ते हसले नाहीत. वळसा घालून का नेत नाही म्हटलं, तर तेल महाग झालंय म्हणाले. वळसा घ्यायचा की नाही हे कोण ठरवतं म्हटलं, तर म्हणाले वैमानिकाला अधिकार असतो. आणि वैमानिकाला वाट कोण देतं? कंपनी. आणि कंपनी कुणावर भरवसा ठेवते? ज्याचं आकाश त्याच्यावर. फिरून फिरून भोपळे चौकात! एकत्र कुटुंबात दुधाचं पातेलं उतू गेलं म्हणजे असंच होतं. हिनं ठेवलं होतं, तिनं बघायचं होतं, आणि शेगडीपाशी कुणीच नव्हतं.

"मग निदान आम्हाला सांगा तरी," मी म्हटलं. "तिकीट देतानाच सांगा की असं असं आहे. ज्याला जायचं तो जाईल."

"सांगितलं तर लोक घाबरतील."

"घाबरू द्या की! पडदे ओढायला सांगता, सिनेमा दाखवतो म्हणून थापा मारता. आम्ही काय कुकुली बाळं आहोत?"

कर्णिकांनी चहाचा कप खाली ठेवला. "काकू, खरंच सांगतो. जोखीम तशी काही नाही."

"जोखीम नाही कशी? नातीला मांडीवर घेऊन बसणार आहे मी!"

हा शब्द त्यांच्याही घरातला होता. त्यांचा चेहरा कार्यालयातल्या साहेबाचा होता तो एकदम साताऱ्याचा झाला. "आमच्या आईकडं असायची," ते म्हणाले. "मावशीच्या लग्नाला वाईला गेलो तेव्हा पोटाशी धरून बसली होती."

"तिला न विचारता कुणी वाट ठरवली असती का?"

"नाही."

मग त्यांनी आजूबाजूला बघितलं, आवाज खाली आणला आणि सांगितलं, "माझी बायको-मुलं मागच्या महिन्यात गावाला गेली. मी त्यांना तेहरानवरून जाणाऱ्या विमानात बसवलं. ते वरच्या अंगानं जातं."

खरं सांगते, हे ऐकून मला त्यांचा राग आला नाही. माणूस भला होता. आपल्या घरच्यांसाठी त्यानं जे केलं तेच मी करणार होते. पण त्याच टेबलावरून दिवसभर जी तिकिटं दिली जात होती, त्या माणसांना हे कोण सांगणार? मी तसं विचारलं. ते म्हणाले, "मी विचारणाऱ्याला सांगतो. विचारत कुणी नाही."

तेहरानचं विमान आठवड्यातून एकदाच. त्यात जागा मिळाली ती लग्नाच्या मुहूर्तानंतर पोचणारी.

सुमनचं रडणं

घरी सांगितल्यावर सुमन रडायला लागली. "आई, तुला माढा माहीत नाही का? दिराच्या लग्नाला थोरली भावजय नाही, म्हणजे जन्मभर ऐकावं लागेल मला. आणि कशासाठी? जे होणारच नाही त्याच्यासाठी!"

तिचं खोटं नव्हतं. मी माझ्या मनाच्या समाधानासाठी लेकीच्या संसारात खडा टाकत होते. बरं, होण्याची शक्यता किती? मला माहीत नाही. कर्णिकांना माहीत नाही. पण ज्याला माहीत नाही तोच म्हणतो काही होणार नाही, हे मला पटत नव्हतं. मी सुमनला म्हटलं, "सगळं माझ्यावर ढकल. आई ऐकेचना म्हणून सांग. हट्टी आहे, डोक्यात वारं गेलंय, काय वाटेल ते सांग." ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. श्रीकांतरावांनी गुपचूप तिकिटं बदलून आणली.

तेहरान

या वाटेनं बर्फाचे डोंगर लागले. इतके की डोळे दिपले. तेहरानच्या विमानतळावर बराच वेळ बसावं लागलं. एका इराणी बाईनं सुमनच्या मांडीवरली पोर बघून न विचारता स्वतःकडं घेतली, मुके घेतले आणि ओंजळभर पिस्ते दिले. आपल्यासारखीच माणसं, लंडनपेक्षा जवळची वाटली. मिसेस पील यांना मात्र यातून वगळते. आमची एक बॅग तिथंच राहिली, ती पुढं महिन्यानं आली. तिच्यात श्रीकांतरावांनी नवरदेव भावासाठी घेतलेला सूट होता. लग्नाला तो आमच्यासारखाच हुकला होता म्हणा.

विमानात माझ्या मनात उलटसुलट चालू होतं. आम्ही सोडलेलं आधीचं विमान त्याच वाटेनं गेलं होतं आणि सुखरूप मुंबईला पोचलं होतं. ते मला निघण्याआधीच कळलं. देवाची कृपा, त्यात बसलेल्या माणसांचं वाईट व्हावं असं कोण म्हणेल? पण पोचलं, म्हणजे मी वेडी ठरले. आणि पुढचंही पोचेल, त्याच्या पुढचंही पोचेल, प्रत्येक वेळी कंपनी म्हणेल, बघा, पोचलं. एक दिवस नाही पोचलं, तर त्या दिवशी सगळे विचारतील की तिथून नेलंच कसं. हे विचारायची वेळ आधीची असते, एवढंच मला वाटत होतं. आणि एलियासभाईंच्या भावाला तर वर विमान आहे की नाही याचंही काही नसणार. त्याला वाट बदलता येत नव्हती.

माढा

आम्ही पोचलो तेव्हा मांडवाचे वासे उतरवत होते. विहीणबाईंनी नातीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला घेतली, छातीशी धरली. सुमनला आत घेतलं. माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवायला वाढलं, तूप भरपूर वाढलं, पण वाढताना म्हणायचं ते नव्या सुनेला उद्देशून, "त्यास्नी इचार, अजून पोळी पायजे का."

दुपारी ओसरीवर सगळ्या बायका बसलेल्या असताना त्यांनी तोंड उघडलं. "म्या म्हंते, ते आदीचं इमान पोचलं न्हवं का?"

"पोचलं," मी म्हटलं.

"समदी मान्सं धड उतरली?"

"उतरली."

"मंग?"

ओसरीवरच्या सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी नकाशाचं सांगितलं, धुराचं सांगितलं, कर्णिकांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "लई शिकल्याली मान्सं तुमी," म्हणाल्या. "माज्या लेकाच्या लग्नात थोरली सून न्हवती. लोकांनी इचारलं तवा म्या काय सांगायचं? लांब कुटंतरी धूर हुता म्हून?" मी त्यांच्या जागी असते तर मलाही राग आलाच असता. मी माफी मागितली. त्यांनी मान दुसरीकडं फिरवली.

दुसऱ्या दिवशी दुपारून आम्ही सोलापूरला निघालो, सुमन आणि बाळाला चार दिवस माहेरी ठेवायला. घरची जीप होती. चालवणारा दत्तू हा त्यांचा जुना माणूस. सामान चढलं. विहीणबाई बाहेर आल्या, नातीच्या कानांवरून फडकं नीट बांधलं, तिला सुमनच्या मांडीवर दिलं आणि दत्तूला विचारलं, "कंच्या वाटनं नेणार?"

"नदीतनं की. जवळ पडतंय."

"पानी?"

"गुडघ्याच्या खालीच हाय. रोज जातुया आक्का, काय बी हुत न्हाय."

"तू रोज जा. आज सडकंनं ने."

"आवो, सडकंला उसाच्या गाड्या लागल्यात कारखान्यापत्तुर. लई येळ जाईल."

"जाऊ दे की," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडं न बघता आत गेल्या.

दत्तू पुटपुटत गाडीत बसला. उसाच्या गाड्यांमागून आम्ही बैलांच्या चालीनं सरकत होतो आणि सोलापूरला दिवे लागल्यावर पोचलो. वाटेत सुमन उशिराबद्दल एक अक्षर बोलली नाही.